फराळाचा डबा आणि आखाती कायदा

अनारशाला लावायची खसखस आपल्याकडे कोणत्याही वाण्याच्या दुकानात मिळते. संयुक्त अरब अमिरातीत आणि सौदी अरेबियात मात्र ती निषिद्ध आहे, कारण ती अफूच्या बोंडातून निघते. ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामक गोळीही अमिरातीत पूर्वपरवानगीशिवाय नेता येत नाही. म्हणजे केवळ दारूची बाटलीच नव्हे, तर फराळाचे सामान आणि औषधाची पट्टीसुद्धा तिथल्या कस्टम्समध्ये गुन्हा ठरू शकते. असे कायदे जाचक आहेत, असे कोणी म्हणेल. पण ज्या देशात पोट भरायला जायचे, त्याचा कायदा पाळलाच पाहिजे. जाणूनबुजून बाटली लपवणाऱ्याची कड घेण्याचे कारण नाही.

प्रश्न अजाणतेपणी अडकणाऱ्यांचा आहे. २०१९ मध्ये मुंबईचे एक दाम्पत्य कतारमध्ये पकडले गेले. नातेवाइकाने विश्वासाने सोपवलेल्या पाकिटात चरस निघाला. दहा वर्षांची शिक्षा झाली आणि भारतातील तपासाने फसवणूक उघड झाल्यावर २०२१ मध्ये सुटका झाली. सज्ञान माणसाने स्वतः चौकशी करावी, हे खरेच. पण कामगारांसाठी सरकारचे प्रस्थानपूर्व प्रशिक्षण असले, तरी मुलीच्या बाळंतपणासाठी निघालेल्या आईपर्यंत ते पोहोचत नाही. म्हणून तिकिटासोबतच निषिद्ध वस्तूंची यादी मराठीत देणे विमान कंपन्यांना बंधनकारक करावे. खर्च नगण्य आहे. एका निरपराध माणसाची तुरुंगातली वर्षे मात्र कोणीही भरून देऊ शकत नाही.