गॅरेजकाकांच्या गप्पा : गाडी जुनी, नजर ताजी



या आठवड्याच्या टपालात सांगलीच्या एका नववीतल्या मैत्रिणीचं पत्र आहे. तिचा दादा पुण्याला नोकरीला लागलाय. महिन्यातून एकदा घरी येतो, म्हणजे एका बाजूला सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. त्याला आता सेकंडहँड स्पोर्ट्‌स टूरर मोटारसायकल घ्यायची आहे. साठवलेले पैसे ८०,००० रुपये. आई म्हणते, "नकोच." बाबा म्हणतात, "बघू." आणि दादा रोज नव्या गाडीचा फोटो पाठवतो. मैत्रीण विचारते, "काका, कुठली गाडी घ्यावी?"

प्रश्न झकास आहे. पण आपण तो थोडा बदलून घेऊ. नव्या गाड्यांच्या शोरूममध्ये एका मॉडेलच्या दहा गाड्या उभ्या असतील, तर दहाही सारख्याच. जुन्या बाजारात मात्र एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्यांमध्ये जमीन-अस्मानाचं अंतर असतं. एकीला मालकाने वेळेवर तेलपाणी केलेलं असतं, दुसरी दोनदा घाटात आडवी झालेली असते. म्हणून "कुठली गाडी?" यापेक्षा "समोर उभी आहे ती गाडी कशी आहे?" हा प्रश्न महत्त्वाचा. त्याचं उत्तर शोधायला एक टॉर्च, एक वही आणि तुमचे डोळे पुरतात.

स्पोर्ट्‌स टूरर म्हणजे काय बुवा?

शर्यतीच्या गाडीवर माणूस टाकीवर ओणवा झोपतो. तासाभरात मनगटं आणि पाठ बोलायला लागतात. स्पोर्ट्‌स टूररचं हँडल जरा उंच असतं, गुडघे कमी मुडपतात आणि पुढे वारा अडवायला प्लास्टिकचं आवरण, म्हणजे फेअरिंग असतं. बीएमडब्ल्यू कंपनीने १९७६ मध्ये आर १०० आरएस ही गाडी आणली. तिचं फेअरिंग वाऱ्याच्या बोगद्यात तपासून बनवलं होतं. या जातीच्या गाड्यांची ती पणजी म्हणायला हरकत नाही.

फेअरिंग हवं कशाला? आता गंमत बघा. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध दुप्पट होत नाही, चौपट होतो! ताशी ४० किलोमीटरला वारा जेवढा छातीवर रेटतो, त्याच्या चौपट ८० ला. तीन-चार तास तो रेटा सोसला की माणूस थकतो, आणि थकलेल्या माणसाचा ब्रेकवरचा हात उशिरा पोचतो. म्हणजे फेअरिंग नुसतं दिसायला नाही, बरं का!

आधी पैशांची फोड

८०,००० रुपये आहेत म्हणून ८०,००० ची गाडी घ्यायची नाही. हा पहिला नियम वहीत लाल शाईने लिहा. समजा, गाडीसाठी ६०,००० ठेवले. उरलेले २०,००० कशाला? दोन टायर, चेन-स्प्रॉकेटचा संच, ब्रेकपॅड, इंजिन ऑइल, कदाचित बॅटरी, नाव बदलण्याचा खर्च, विमा आणि हेल्मेट. जुन्या गाडीत यातलं काही ना काही लागतंच. ज्याने सगळे पैसे गाडीतच घातले, तो गुळगुळीत टायरवर "पुढच्या पगारात बदलू" म्हणत फिरतो. आईच्या "नकोच" मागे हीच भीती आहे, आणि ती खोटी नाही.

मालक म्हणाला, "सोबत हेल्मेट आणि जॅकेट फुकट देतो," तर हुरळून जाऊ नका. नाल मिळाली म्हणून घोडा घ्यायचा नसतो! शिवाय दुसऱ्याचं हेल्मेट कधीच घेऊ नये. हेल्मेट एकदा जोरात आपटलं की आतला थर्माकोलसारखा थर दबतो आणि पुन्हा फुगत नाही. बाहेरून काही दिसत नाही. हेल्मेट नवं, मापाचं आणि आयएसआय खुणेचंच हवं. त्या खुणेजवळ आयएस ४१५१ हा आकडा शोधा.

चार नावं, चार स्वभाव

आपल्याकडच्या जुन्या बाजारात ठरावीक नावं पुन्हा पुन्हा भेटतात. त्यांचे स्वभाव थोडक्यात सांगतो.

हीरो होंडाची करिझ्मा २००३ मध्ये आली. इंजिन २२३ सीसी, टाकी १५ लिटरची. लांबच्या प्रवासाला साधी, सोशिक गाडी. पण खाजगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. म्हणून तारीख आधी बघा.

पुण्याच्या बजाजची पल्सर २२० एफ. पुढे अर्धं फेअरिंग. ती ओळखणारा मेकॅनिक तालुक्याच्या गावीही भेटतो. कमी पैशांत ही फार मोठी गोष्ट.

होंडाची सीबीआर २५० आर २०११ मध्ये आली. इंजिन पाण्याने थंड होणारं, चाल मऊ. पण बीएस-६ चे नियम १ एप्रिल २०२० ला लागू झाले तेव्हा ती आपल्याकडच्या विक्रीतून गेली. त्यामुळे फेअरिंगचे तुकडे आणि सुटे भाग मिळतील का, हे घेण्याआधी विचारायचं, नंतर नाही.

बजाज डोमिनार ४०० ही २०१६ च्या अखेरीस आली. ३७३ सीसी, दमदार, वजन १८० किलोच्या वर. तिला फेअरिंग नाही, पण लांब पल्ल्याला लोक आवडीने वापरतात. मात्र ज्याने आजवर शंभर सीसीची गाडीच चालवली, त्याने हिच्यावर एकदम उडी मारू नये.

आणखी एक तारीख लक्षात ठेवा : १ एप्रिल २०१९. तेव्हापासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. ओल्या घाटात तिचं मोल कळतं. त्याआधीच्या काही गाड्यांतही ती होती, पण सगळ्यांत नाही. दोन गाड्यांत बाकी सगळं सारखं असेल तर एबीएसवाली घ्या. किल्ली फिरवली की एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी थोडी पुढे गेली की विझला पाहिजे. जो दिवा लागतच नाही, तो कोणीतरी मुद्दाम बंद केला असेल!

थंड इंजिनाला भेटा

मालकाला फोन करून सांगायचं, "आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका." गेल्या गेल्या इंजिनाजवळ हात न्या, चिकटवू नका. गरम लागलं तर विचारायचं, "आत्ताच का सुरू केली होती?" थंडीत सुरू व्हायला कुरकुरणारी गाडी आधी तापवून ठेवली की शहाण्यासारखी वागते. ही जुनीच युक्ती आहे.

गाडी सुरू झाल्यावर सायलेन्सरमागे बाजूला उभं राहून धुराचा रंग बघा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पांढरी वाफ थंड सकाळी दोन मिनिटं आली तर चालेल, पण पाण्याने थंड होणाऱ्या गाडीत ती थांबतच नसेल तर कूलंट इंजिनात शिरत असेल. ऑइल बघायची काच असते, त्यात दुधाळ चहासारखा रंग दिसला तर नमस्कार करून परत फिरायचं. आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण कोणीही, कधीही उघडायचं नाही. उकळतं कूलंट तोंडावर उडतं.

पडल्याच्या खुणा

फेअरिंगवर नवा रंग मारता येतो. पण गाडी आडवी पडली की आधी टोकं घासतात : हँडलची टोकं, क्लच आणि ब्रेकच्या दांड्यांची टोकं, पाय ठेवायच्या खुंट्या, सायलेन्सरची कड. दोन्ही बाजूंची तुलना करा. एका बाजूची दांडी जुनी आणि दुसरी कोरी करकरीत असेल तर "का बरं?" असं विचारायचं. फेअरिंगचे स्क्रू बघा. एक काळा, एक चंदेरी, एक गायब, असं असेल तर ते बऱ्याचदा उघडलं गेलंय.

गाडी उभी-आडवी पडली तर एवढं बिघडत नाही. समोरून धडकली असेल तर मात्र बिघडतं. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. ते जिथे अडतं, तिथे चेसीवर अडथळ्याचा ठोकळा असतो. तो चेपलेला किंवा तुटलेला असेल, तर पुढून मोठा मार बसलाय. मग चार पावलं मागे जाऊन खाली बसा आणि एक डोळा मिटून बघा, पुढचं चाक मागच्या चाकाच्या रेषेत आहे का? वाकड्या चेसीची गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी महागच.

पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या चकचकीत नळ्यांवर तेलाचं कडं दिसतंय का? म्हणजे ऑइल सील गेलंय. त्याचे पैसे भावातून कमी करायचे. मागच्या स्प्रॉकेटवरची चेन दोन बोटांनी मागे ओढा. ती दात सोडून वर येत असेल, किंवा दात माशाच्या परासारखे टोकदार झाले असतील, तर संच संपलाय. हे करताना इंजिन बंद हवं आणि किल्ली तुमच्या हातात. चेनमध्ये बोट गेलं तर ते जातंच.

टायरवरचे चार आकडे

हे गुपित मला फार आवडतं. टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. समजा २३१९ आहेत. म्हणजे तो टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनला. मालक म्हणतो, "टायर नवेच आहेत," आणि आकडे सांगतात सात वर्षांचे! खाचा खोल असल्या तरी जुनं रबर कडक होतं, बाजूला बारीक भेगा पडतात आणि ओल्या रस्त्यावर पकड सुटते. मीटरचं खरं-खोटंही असंच पडताळायचं. मीटर १५,००० किलोमीटर दाखवतोय, पण खुंटीचं रबर पार गुळगुळीत आणि सीट दबलेली? मग सर्व्हिसची पावती मागायची.

कागद बोलतात

गाडीच्या मानेपाशी चेसी नंबर ठोकलेला असतो, इंजिनावर इंजिन नंबर. दोन्ही आरसी बुकाशी अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत. नंबर खरवडलेला दिसला की गप्पा संपल्या. गाडीवर कर्ज होतं का? असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ ची ना-हरकत. थकलेले ई-चलन, पीयूसी आणि विम्याची तारीखही बघा. विमा नव्या मालकाच्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करायचा. "नाव नंतर बदलू" हे वाक्य दोघांनाही गोत्यात आणतं, कारण उद्या काही झालं तर नोटीस कागदावरच्या मालकाच्या दारात जाते.

शेवटी, विसार देण्याआधी गाडी आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला दाखवा. मालक "नाही" म्हणाला, तर तेच उत्तर समजा. "आत्ताच पैसे द्या, दुसरं गिऱ्हाईक येतंय," असं कोणी म्हणालं तर हसून म्हणायचं, "त्यांना देऊन टाका." जुन्या बाजारात गाड्यांना तोटा नाही. नाही म्हणता येणं हीच सगळ्यात मोठी घासाघीस.

आणि तुम्ही?

तुमच्यापैकी कुणाच्या तरी मनात आलंच असेल, "दादाने आणली की एक चक्कर मारू." तर ऐका. गिअरच्या मोटारसायकलचा परवाना १८ वर्षांनंतरच मिळतो. २०१९ मध्ये कायदा कडक झाला. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. एका चकरेसाठी केवढी ही किंमत! तुमचं काम आत्ता तपासनिसाचं. गाडी घेणारा माणूस प्रेमात पडलेला असतो. त्याला रंग दिसतो, भेगा दिसत नाहीत. भेगा बघायला शेजारी वही घेतलेलं एक शांत डोकं लागतं. ते तुमचं.

घरचा अभ्यास : घरातल्या किंवा शेजारच्या कुठल्याही दुचाकीच्या टायरवरचे चार आकडे शोधा आणि टायरचं वय काढा. टायर, चेन-स्प्रॉकेट, ब्रेकपॅड आणि आयएसआय हेल्मेट यांचे भाव दोन दुकानांत विचारून तक्ता करा. बेरीज किती आली, ते मला जरूर कळवा.

पुढच्या अंकात : पावसाळ्यात ब्रेक का ओरडतात?

तुमचा,
गॅरेजकाका