हत्तीरोगाची गोळी ड्रॉवरमध्ये नको

"डॉक्टर, मला तर काहीच झालेलं नाही, मग गोळी कशाला?" हत्तीरोगाच्या गोळ्यांचे वाटप सुरू झाले की आपल्या विदर्भात हा प्रश्न हमखास ऐकू येतो. प्रश्न रास्त आहे. दुखणे नसताना औषध घ्यायची आपल्याला सवय नाही.

पण या रोगाची खोडच अशी, की पाय सुजण्याच्या कितीतरी वर्षे आधी कृमी शरीरात ठाण मांडून बसलेले असतात. गटारीच्या पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास त्यांना आणून सोडतो. मोठे कृमी लसिकावाहिन्यांत राहतात, त्यांची सूक्ष्म पिले रात्री रक्तात फिरतात. तपासणीचे रक्त रात्री घेतात ते याचसाठी. असा माणूस धडधाकट दिसतो, आणि त्याच्यापासून डासांमार्फत रोग गल्लीभर पसरतो.

गोळ्या मुख्यतः या पिलांना मारतात. मोठे कृमी काही वर्षे तग धरतात, म्हणून दरवर्षी डोस घ्यावा लागतो. एकदा पाय कायमचा जाड झाला की गोळीने तो पूर्ववत होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली ही मोहीम जगभर हाती घेतली. श्रीलंकेने २०१६ मध्ये आणि बांगलादेशाने २०२३ मध्ये हा रोग आटोक्यात आणल्याची मान्यता मिळवली. आपल्याकडे २००४ पासून गोळ्या वाटल्या जात आहेत. पुढे नागपूर जिल्ह्यात आयव्हरमेक्टिन हे तिसरे औषधही जोडले गेले. तरी रोग हटलेला नाही. माझ्या मते दोष औषधाचा कमी आणि आपला जास्त. गोळ्या हातात पडतात, पोटात जात नाहीत.

मी तरी कोण शहाणा? एका वर्षी दवाखान्यात गर्दी होती, "जेवून घेतो" म्हणत पुडी ड्रॉवरमध्ये टाकली. दिवाळीच्या साफसफाईत ती तशीच सापडली!

काहींना गोळीनंतर ताप, डोकेदुखी, मळमळ होते. बहुधा ती रक्तातली पिले मरत असल्याची खूण असते. त्रास एक-दोन दिवसांत थांबतो. न थांबल्यास दवाखाना गाठावा. दोन वर्षांखालील मुले, गर्भवती आणि गंभीर आजारी यांना गोळी देत नाहीत. बाकीच्यांनी काहीतरी खाऊन घ्यावी.

आशाताई "माझ्यासमोरच गिळा" म्हणाल्या तर रागावू नका. पाण्याचा पेला मागवा, त्यांनाही एक द्या. उन्हातून आलेल्या असतात.