आधी पॅनेल पुढे ओढा

प्लेनर स्पीकरला खर्ज नाही, ही तक्रार आपल्या व्यवसायात रोजची आहे. त्यावरचे ठरलेले उत्तरही रोजचेच : कोपऱ्यात एक सबवूफर टाकू. आमच्या मते हे उत्तर बहुतेक घरांत घाईने दिले जाते. सबवूफरचे बिल करण्याआधी पॅनेल भिंतीपासून पुढे ओढून पाहिले पाहिजे, आणि नेमके तेच राहून जाते.

जिम वाइनी यांनी १९६९ साली मिनेसोटात मॅग्नेपॅन ही प्लेनर स्पीकरची कंपनी सुरू केली. तेव्हापासून या जातीच्या स्पीकरचा गाभा बदललेला नाही. ताणलेला पातळ पडदा, त्यावर तार, लगत चुंबकांच्या पट्ट्या, पेटी नाहीच. पडद्याची मागची लहर पुढच्या लहरीच्या उलट फेजमध्ये सुटते. दीड फुटी पॅनेलची कड वळून पुढे यायला तिला मीटरभरही जावे लागत नाही, आणि ५० हर्ट्झची तरंगलांबी तर जवळपास ७ मीटर. त्यामुळे खर्जात दोन्ही लहरी एकमेकींना बऱ्याच अंशी खाऊन टाकतात. एक सप्तक खाली उतरले की आणखी ६ डेसिबल गेले. आवाज तेवढाच राखायचा तर प्रत्येक सप्तकाला पडद्याची हालचाल आठपट करावी लागते. बंद पेटीच्या वूफरला चौपट पुरते. पडद्यासमोरची फट मात्र मोजक्या मिलिमीटरची. इक्वलायझरने ३० हर्ट्झ उचलायला निघालेल्यांनी हा हिशेब आधी मांडावा.

आता भिंत. पेटीचा स्पीकर भिंतीला टेकवला की खर्ज वाढतो, आणि हात त्याच सवयीने प्लेनरही भिंतीशी नेतात. इथे गणित उलटे आहे. मागची लहर भिंतीवरून परतते तेव्हा आधार मिळतो तो पाव तरंगलांबीच्या अंतराला. पॅनेल भिंतीपासून अर्ध्या मीटरवर असेल तर हा आधार १७० हर्ट्झजवळ येतो, म्हणजे खर्जाच्या उपयोगाचा नाही. १ मीटरवर तो ८६ हर्ट्झला येतो आणि सव्वा मीटरवर ६९ला. काळी एकच्या पुरुषी तंबोऱ्याची खर्जाची तार बरोबर इथे, ६९ हर्ट्झवर लागते. ख्याल ऐकणाऱ्या घरात त्या पाऊण मीटरने काय पालटते, हे मायक्रोफोन बसण्याच्या जागी ठेवून स्वीप घेतला की आलेखात दिसते. गिऱ्हाइकाला ते आलेखाशिवायही कळते. हॉलमध्ये पाऊण मीटर मागणे सोपे नाही, हे मान्य. पण ती मागणी निदान करावी तरी.

कोपऱ्यातल्या सबवूफरबद्दल आमचा आक्षेप वेगळा आहे. आपल्या फ्लॅटच्या वीट-काँक्रीटच्या भिंती खर्ज फारसा बाहेर जाऊ देत नाहीत. १२ फुटांच्या खोलीचा पहिला रूम मोड ४७ हर्ट्झला असतो, आणि कोपऱ्यातली पेटी तो पुरता चेतवते. प्लेनर बाजूंना जवळजवळ काहीच सोडत नाही, म्हणून आडवे मोड शांत राहतात आणि डग्ग्याची मींड सुटी, स्वच्छ ऐकू येते. ज्या गुणासाठी गिऱ्हाइकाने प्लेनर घेतला, तोच असा सबवूफर पुसून टाकतो.

तरीही ४० हर्ट्झच्या खाली प्लेनरकडून अपेक्षा ठेवू नये. छोट्या बंद खोलीत हवेचा दाब वाढून पेटीला जो फायदा मिळतो, तो दुतर्फा उघड्या पॅनेलला मिळत नाही. पाइप ऑर्गन, चित्रपटांचे ध्वनिपट, इलेक्ट्रॉनिक संगीत हा ज्यांचा मुख्य आहार आहे, त्यांना जोड लागणारच. ती द्यायची तर एकाऐवजी दोन लहान, बंद पेटीचे सबवूफर द्यावेत, क्रॉसओव्हर ५०-६० हर्ट्झच्या वर नेऊ नये आणि जागा मोजून ठरवावी. फिनलंडच्या ग्रेडियंट कंपनीने क्वाडच्या ईएसएल-६३ या पॅनेल स्पीकरसाठी डायपोल, म्हणजे पॅनेलसारखाच दुतर्फा उघडा, वूफर बनवला होता. जागा आणि खर्च परवडत असेल तर ती वाट अधिक चांगली.

आणि कोटेशन देताना पॅनेल कोणत्या हर्ट्झपर्यंत उतरेल आणि त्याला भिंतीपासून किती जागा लागेल, हे दोन आकडे किमतीच्या वरच्या ओळीत लिहून द्यावेत.