स्टेशन जमिनीखाली, स्टँड वाकडेवाडीला!

पिंपरी-चिंचवडकर मंडळींनो, मेट्रोने शिवाजीनगरला जा. भुयारी स्टेशन चकाचक आहे, सरकते जिने, लिफ्ट, सगळं आहे. आता वर या आणि एसटी स्टँड शोधा. नाही सापडणार!

हे स्टेशन बांधायचं म्हणून डिसेंबर २०१९ च्या अखेरीस तिथलं स्टँड वाकडेवाडीला हलवलं. 'तात्पुरतं' बरं का. खाली खोदायचं तर वरचं हलवावं लागणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण १ ऑगस्ट २०२३ ला पंतप्रधानांच्या हस्ते मेट्रो इथवर सुरू झाली. त्या दिवशी स्टँड लांब ठेवायचं कारण संपलं. स्टँड मात्र परत आलं नाही.

"तिथे मोठं संकुल होणार आहे, धीर धरा," असं सांगतात. होऊ द्या की संकुल! पण दुकानं आणि ऑफिसं कधी, कुणी, कोणाच्या खर्चाने बांधायची यावर प्रवाशाने का अडकून पडायचं? महामेट्रो सरकारी, एसटी महामंडळही सरकारी. आधी फलाट आणि शेड उभी करा, वरचे मजले नंतर चढवा.

भुर्दंड कोणाला? सणाला संभाजीनगरकडे गावी निघालेल्या आपल्या एमआयडीसीतल्या कामगाराला. पिंपरीत मेट्रोत बसला तरी वाकडेवाडीला स्टेशनच नाही. म्हणजे शिवाजीनगरला उतरा, बोचकी उचला, पोरं सांभाळा आणि पुन्हा मागे येणारी रिक्षा शोधा. मेट्रोत वाचवलेले पैसे तिथेच गेले.

"हे पुण्याचं दुखणं, आपल्याला काय?" असं म्हणू नका. आपल्याकडे वल्लभनगरचं एसटी स्टँड आणि संत तुकाराम नगर मेट्रो स्टेशन जवळजवळ आहेत, म्हणून तिथे चालत जमतं. पण भोसरी नावाने सुरू झालेलं स्टेशन आहे नाशिक फाट्यावर! भोसरीला किंवा चाकणला जायचं तर पुढे बसच धरावी लागते. निगडीचा वाढीव मार्ग मंजूर आहे, चाकणपर्यंत मेट्रो नेण्याची चर्चाही जुनीच. शिफ्ट सुटल्यावर चाकणच्या रस्त्यावर काय होतं ते वेगळं सांगायला नको. कंपन्या आत फेज-फेजमध्ये पसरल्यात. नुसते खांब उभे करून कामगार गेटपर्यंत पोचणार नाही, त्याला स्टेशनखालीच बस मिळाली पाहिजे.

म्हणून मागणी दोनच. एक, प्रत्येक नव्या स्टेशनच्या निविदेत बसथांब्याची जागा आणि खर्च पहिल्या दिवसापासून धरा आणि दोन्हींचं उद्घाटन एकाच दिवशी करा. दोन, कामासाठी एखादं स्टँड हलवायचं असेल तर परत कधी आणणार ती तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याचं पद तिथेच फलकावर लिहा.

आपल्याकडे 'तात्पुरतं' म्हणजे किती वर्षं, ते वाकडेवाडीत बघितलंय. पटत असेल तर शेअर करा आणि आपल्या नगरसेवकाला, आमदाराला एवढंच विचारा: साहेब, मेट्रोतून उतरल्यावर बस कुठे?