उन्हाळी लागण्याआधी

मार्च लागला की कोकणातल्या दोडामार्ग तालुक्यात काजूबागांत सकाळपासून वेचणी सुरू होते. पाल्यात गळून पडलेले बोंडू उचलायचे, मुरगाळून बी वेगळी करायची, बी पिशवीत आणि बोंडू टोपलीत. हे काम दुपार होईपर्यंत चालतं, आणि सगळं कमरेत वाकून. जवळच्या फांदीला पाण्याची बाटली टांगलेली असते, बहुधा कोल्ड्रिंकची जुनी. वेचणाऱ्या बाईची ती बाटली पुष्कळदा अर्धीअधिक भरलेलीच घरी परत येते.

तालुक्यात पाणी नाही म्हणून हे होत नाही. तिलारी धरण याच तालुक्यात आहे आणि त्याचं पाणी कालव्याने थेट गोव्यातल्या पेडणे-बार्देशापर्यंत जातं. बाटली शिल्लक राहते याचं कारण साधं आहे. पाणी प्यायलं की लघवीला जावं लागतं, आणि उघड्या डोंगरउतारावर, आसपास पुरुष गडी काम करत असताना, बाईने जायचं कुठे? त्यापेक्षा घसा ओला करण्यापुरता घोट घ्यायचा आणि घरी पोचेपर्यंत कळ काढायची. लांबच्या एसटी प्रवासात आणि आठवडा बाजारातही बायका हेच करतात.

मग एप्रिल-मेमध्ये घरोघरी एक तक्रार ऐकू येते: उन्हाळी लागली. लघवीला जळजळ, पुन्हा पुन्हा जावंसं वाटणं, ओटीपोटात दुखणं. मराठीने या दुखण्याला उन्हाचंच नाव दिलं आहे. पाणी कमी पडलं की लघवी कमी आणि दाट होते. मूत्राशयात शिरलेले जंतू वेळच्या वेळी धुऊन जात नाहीत, साचलेल्या लघवीत वाढतात. बायकांचा मूत्रमार्ग आखूड, त्यामुळे हा त्रास त्यांनाच जास्त.

2018 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे फार मोलाचा आहे. वारंवार मूत्रमार्गाचा संसर्ग होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी द्रव पिणाऱ्या 140 स्त्रिया त्यात होत्या. निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जादा प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी 1.7 वेळा संसर्ग झाला, उरलेल्यांना 3.2 वेळा. औषध कोणतं, तर पाणी!

मूतखड्याचंही तसंच. इटलीत पहिल्यांदाच खडा झालेल्या 199 रुग्णांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं गेलं. भरपूर पाणी पिणाऱ्यांपैकी 12 टक्क्यांना पुन्हा खडा झाला, बाकीच्यांपैकी 27 टक्क्यांना.

रोज आठ ग्लास हा आकडा मात्र कुणी डोक्यात धरून बसू नये. अंगमेहनत, ऊन आणि आहार यांवर गरज ठरते, आणि जेवणातूनही बरंच पाणी पोटात जातं. कोकणात आणखी एक अडचण आहे, ती दमट हवेची. घाम वाळला तर अंग गार होतं. इथे तो वाळत नाही, नुसता निथळतो. त्याबरोबर मीठही जातं. म्हणून उन्हात राबणाऱ्याने तहानेची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावं. एकदम लोटाभर रिचवणं बरं नव्हे. अति पाण्यानेही रक्तातलं मीठ घातक इतकं उतरू शकतं.

उकड्या तांदळाची पेज या बाबतीत फार शहाणी आहे. पाणी, पिष्ट आणि चवीचं मीठ एकाच वाडग्यात. दहाच्या सुमाराला बागेत पेज पोचली की निम्मं काम होतं. लघवी फिकट पिवळी असली की पाणी पुरेसं आहे असं समजावं. गडद दिसली तर आणखी प्यावं. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या रुग्णांनी प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. आणि जळजळीबरोबर ताप आला, कंबर-पाठ दुखू लागली, तर धने-जिऱ्याच्या पाण्यावर दिवस न काढता दवाखाना गाठावा.

मुंबईत 2011 साली बायकांनी ‘राइट टू पी’ ही चळवळ उभी केली, सार्वजनिक मुताऱ्यांसाठी. काजूबागेत एवढ्या मोठ्या लढ्याची गरज नाही. बागायतदारांनो, पुढच्या हंगामात मजूर लावताना सावलीत पाण्याची एक कळशी ठेवा, आणि बागेच्या कडेला चार मेढी रोवून झावळांचा एक आडोसा बांधून द्या.