यंत्र एकाचे, आवाज सर्वांचा

आमच्या शहरांतून शेजाऱ्याशेजाऱ्यांत जे कलह होतात त्यांची कारणे पूर्वी बहुधा ठरलेली असत. सांडपाण्याची मोरी, सामाईक भिंत, अंगणातले झाड किंवा जिन्याखालची जागा, यांपलीकडे ती सहसा जात नसत. अलीकडे या यादीत एका नव्या कारणाची भर पडली असून ते दिवसेंदिवस वरवर सरकत चालले आहे. ते म्हणजे शेजारच्या घरातील यंत्राचा आवाज. पहाटे चार वाजता सुरू होणारा पाण्याचा पंप, तळमजल्यावरील पिठाची गिरणी, वीज गेली की गल्लीत धडधडू लागणारा जनरेटर, खिडकीबाहेर टांगलेले वातानुकूलन यंत्र, माडीवरचे कपडे धुण्याचे यंत्र, मागील खोलीत मांडलेले दोन यंत्रमाग, यांपैकी एकही ज्याच्या कानाशी नाही असा नागरिक आज विरळा. असे असूनही या बाबतीत तक्रार कशी करावी, कशी ऐकावी व कशी मिटवावी याची काहीएक रीत आमच्या समाजात पडलेली नाही. ती पाडण्याची वेळ आली आहे असे आम्हांस वाटते, म्हणून आज या विषयावर चार शब्द लिहीत आहोत.

प्रारंभीच सांगून ठेवणे बरे की, आम्ही यंत्रांचे वैरी नाही. जात्याच्या खुंट्याला जन्मभर जखडलेले लाखो स्त्रियांचे हात पिठाच्या गिरणीने मोकळे केले. पंपाने डोक्यावर हंडे घेऊन जिने चढण्याचे कष्ट संपविले. इचलकरंजीस १९०४ साली पहिला यंत्रमाग बसला, व त्यामागून वाढलेल्या धंद्याने ते सारे गाव पोसले. तेव्हा आवाज होतो एवढ्याच कारणासाठी यंत्र बंद करा म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसणार नाही. परंतु यंत्र उपकारक आहे, सबब त्याचा आवाजही शेजाऱ्याने निमूटपणे सोसावा, हे अनुमानही आम्हांस मुळीच मान्य नाही. ‘पूर्वी पहाटे जात्याची घरघर नव्हती काय?’ असा प्रश्न काही वृद्ध गृहस्थ करतात. होती, पण जाते ओढणारा हात थकत असे, आणि हात थकला की जाते थांबे. मोटारीस थकवा नाही. शिवाय जात्याखाली मातीची जमीन असे. आजच्या पंपाखाली सिमेंटकाँक्रीट असते, आणि ते काँक्रीट शेजाऱ्याच्या पलंगाखालपर्यंत एकसंध गेलेले असते. यंत्राचा कंप हवेतून जितका जातो त्याहून अधिक दूर तो या काँक्रीटमधून जातो.

या प्रश्नाच्या मुळाशी दोन खोट्या समजुती आहेत. पहिली यंत्राच्या मालकाची. ‘घर माझे, यंत्र माझे, विजेचे पैसे मी भरतो, यात इतरांस बोलण्याचे कारण काय?’ असे तो म्हणतो. त्यास आमचे उत्तर असे की, घराची हद्द खरेदीखतात लिहिलेली असते, पण आवाज ती हद्द पाळीत नाही. आपल्या मोरीचे पाणी दुसऱ्याच्या अंगणात सोडणाऱ्यास आपण सारे नावे ठेवतो. मग आपल्या यंत्राचा आवाज दुसऱ्याच्या निजण्याच्या खोलीत सोडणाऱ्यासच तेवढी मोकळीक का असावी? दुसरी खोटी समजूत सोसणाऱ्याची आहे. ‘रोज तोंड पाहावयाचे, कशाला वाईटपणा घ्या?’ असे म्हणून तो सहा महिने गप्प बसतो. त्या सहा महिन्यांत तो आपले गाऱ्हाणे साऱ्या गल्लीस सांगतो, फक्त ज्यास सांगावयाचे त्यास सांगत नाही. अखेरीस एके रात्री तो शेजाऱ्याचे दार ठोठावतो तेव्हा बोलण्यास जात नाही, भांडण्यास जातो. मग यंत्र राहते बाजूस, आणि एकमेकांचे वाडवडील व जात निघते. रबराच्या चार तुकड्यांनी जो प्रश्न मिटला असता तो पोलीस चौकीच्या पायरीवर जाऊन बसतो.

आता, आवाज फार की थोडा हे ठरवावे कोणी? ज्याचे यंत्र त्यास तो ऐकूही येत नाही, व ज्याची झोप मोडते त्यास तो तोफेसारखा वाटतो. हा वाद मनुष्याच्या कानावर सोपवून कधीही सुटावयाचा नाही. सुदैवाने त्यास माप आहे. केंद्र सरकारने २००० साली केलेल्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागासाठी दिवसा ६५ व रात्री ५५ डेसिबल अशा सरासरी मर्यादा घातलेल्या आहेत. सकाळी ६ ते रात्री १० हा दिवस, आणि रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र, असा त्यांचा हिशेब आहे. या आकड्यांत १० ची वाढ म्हणजे व्यापाऱ्याच्या वहीतील दहा रुपयांची वाढ नव्हे. दर १० डेसिबलांस ध्वनीची तीव्रता दहापट होते, व कानास तो आवाज सुमारे दुप्पट भासतो. ठरलेल्या मर्यादेहून १० डेसिबल किंवा अधिक आवाज होत असेल तर कोणाही व्यक्तीस नेमलेल्या अधिकाऱ्याकडे दाद मागता येते, असे हे नियम सांगतात. १००० के.व्ही.ए. पर्यंतच्या ज्या डिझेल जनरेटरांची बांधणी २००५ सालापासून पुढे झाली, त्यांच्या आवाजास आच्छादनापासून एक मीटरवर ७५ डेसिबल ही मर्यादा आहे. म्हणजे शांत जनरेटर मिळत नाही ही सबब उरलेली नाही.

आपल्या व्यापारी वाचकांचा एक नेहमीचा युक्तिवाद असतो की, ‘आमचा कारखाना आधीचा, यांचे घर मागाहून झाले, ऐकवत नव्हते तर आले कशास?’ त्यांनी १८७९ सालचा लंडन येथील एक निवाडा ध्यानात ठेवावा. एक मिठाईवाला आपल्या स्वयंपाकघरात वीस वर्षांहून अधिक काळ खलबत्ते चालवीत होता. पाठीमागच्या घरी राहणाऱ्या वैद्याने मागाहून आपल्या बागेत, त्याच भिंतीस लागून, रोगी तपासण्याची खोली बांधली आणि आवाजाबद्दल फिर्याद केली. वीस वर्षांच्या वहिवाटीचा आधार मिठाईवाल्याने घेतला, पण तो टिकला नाही व मनाई हुकूम झाला. आमच्या देशातील न्यायालयेही उपद्रवाचा विचार बहुतांशी याच तत्त्वांनी करतात. १९७८ सालच्या निवाडेसंग्रहात अलाहाबाद उच्च न्यायालयाचा जो निकाल छापला आहे तो तर पिठाच्या गिरणीचाच आहे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाने खालच्या गिरणीविरुद्ध दाद मागितली होती. मुळातच गजबजलेल्या वस्तीत आणखी एका यंत्राने काय बिघडते, हा बचाव तेथे चालला नाही. गजबजलेल्या ठिकाणीही नव्या यंत्राने आवाजात मोठी भर पडून घरातील माणसांच्या स्वास्थ्यास बाध येत असेल, तर तो उपद्रवच होय, असे न्यायालयाने ठरविले.

हे दाखले देण्यात लोकांस न्यायालयाची वाट दाखविण्याचा आमचा हेतू नाही. त्या वाटेने वर्षे जातात, पैसा जातो, आणि शेवटी शेजार तोच राहतो. कायदा पाठीशी आहे एवढे दोघांस ठाऊक असले म्हणजे दारातच गोष्ट मिटविण्याची बुद्धी दोघांस होते, एवढ्यासाठीच ते सांगितले. ती मिटविण्याची रीत आमच्या मते अशी असावी. ज्यास त्रास होतो त्याने आठ दिवसांच्या आत, दिवसाउजेडी, राग उतरलेला असताना शेजाऱ्याकडे जावे. कोणत्या वेळी, कोणत्या खोलीत, किती वेळ आवाज येतो व त्याने कोणाचे काय अडते एवढेच सांगावे. शेजाऱ्याच्या स्वभावाविषयी अवाक्षर काढू नये. तक्रार यंत्राची आहे, मनुष्याची नव्हे, हे प्रथम बोलण्यातच दिसले पाहिजे. यंत्राच्या मालकाने लगेच बचावास न लागता एक गोष्ट करावी: यंत्र चालू ठेवून स्वतः शेजाऱ्याच्या घरी जावे आणि तेथे बसून पाच मिनिटे ऐकावे. आपल्या खोलीत मंद वाटणारी घरघर भिंतीपलीकडे कशी गरजते हे पुष्कळांस त्याच वेळी प्रथम कळते.

त्यानंतर मिस्त्रीस बोलवावे. आवाजाची कारणे बहुधा साधी असतात. झिजलेले बेअरिंग, सैल पट्टा, तोल गेलेले चाक, ढिले झालेले बोल्ट यांची दुरुस्ती तर यंत्राच्या आयुष्यासाठीही हवीच. यंत्राखाली जाड रबराचे पाये घालावे. यंत्र सामाईक भिंतीपासून हलवावे. पंपाचा लोखंडी नळ भिंतीस घट्ट आवळलेला असेल तर मध्ये लवचीक नळीचा तुकडा घालून कड्यांखाली रबर द्यावे. इंजिनाच्या धुराड्यास चांगला सायलेन्सर बसवावा व त्याचे तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे ठेवू नये. मात्र आवाज कोंडण्याच्या नादाने जनरेटर बंद खोलीत कोणीही ठेवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड डोळ्यांस दिसत नाही व नाकास कळत नाही, आणि तो झोपेत माणसे मारतो. जेथे यंत्र हलविता येत नाही तेथे वेळ हलविता येते. गिरणी रात्री आठला थांबवून सकाळी आठला सुरू करण्याने धंदा बुडत नाही. टाकी भरण्याचे काम संध्याकाळीही होते. येथे एका वर्गाची आम्हांस विशेष आठवण करून द्यावीशी वाटते. रात्रपाळी करून आलेला कामगार दिवसा झोपतो. कायद्याचा ‘दिवस’ त्यास ओळखत नाही. त्यास फक्त शेजारधर्मच ओळखू शकेल.

एवढे करूनही भागले नाही तर तारीखवार टिपण ठेवून लेखी पत्र द्यावे. गृहनिर्माण संस्था असेल तर तिच्या समितीपुढे ठेवावे. त्यानंतर नगरपालिका व पोलीस. उपद्रव एका घरापुरता न राहता साऱ्या वस्तीस होत असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १५२ व्या कलमाने तो दूर करण्याचा किंवा धंद्यास नियम घालून देण्याचा हुकूम दंडाधिकाऱ्यास काढता येतो. पण सूड म्हणून आवाजास आवाजाने उत्तर कदापि देऊ नये. १८९३ साली इंग्लंडात एका गृहस्थाने शेजारच्या संगीतशिक्षिकेच्या घरातील वाद्यांस कंटाळून भिंत ठोकण्याचा व तबके बडविण्याचा सपाटा लावला; तेव्हा न्यायालयाने मनाई हुकूम काढला तो त्या बाईवर नव्हे, या गृहस्थावर!

आता या विषयातील जे खरे दुखणे आहे त्यास हात घालतो. तक्रार कोणाविरुद्ध होते, व कोणाची ऐकली जाते? एखादी निराधार स्त्री दोन खोल्यांच्या घरात घरघंटी चालवून मुलांस शिकविते; तिच्याविरुद्ध अर्ज पडला की आठ दिवसांत नोटीस येते. त्याच गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बंगल्याचा जनरेटर मध्यरात्रीपर्यंत साऱ्या आळीस जागवितो. त्याविरुद्ध अर्ज लिहिण्यास कोणाचे बोट उठत नाही, आणि उठलेच तर अर्ज टेबलावरून पुढे सरकत नाही. पुष्कळदा तर आवाज हे केवळ निमित्त असते. शेजारी जातीने, धर्माने किंवा परिस्थितीने नकोसा असतो, आणि जे उघड बोलण्याची लाज वाटते ते आवाजाच्या नावाने बोलले जाते. अशा तक्रारीस आम्ही तक्रार म्हणत नाही, छळ म्हणतो. म्हणूनच मापनाचा आमचा एवढा आग्रह आहे. डेसिबल मोजणारे यंत्र मालकाची जात विचारीत नाही व त्याच्या दाराशी गाडी आहे की नाही तेही पाहत नाही. मोबाइलमधील ॲपवर दिसणारा आकडा अंदाजापुरता ठीक. निर्णय व्हावा तो प्रमाणित यंत्राने, दोन्ही पक्षांच्या देखत.

यास्तव आमची नगरपालिकांस सूचना आहे की, प्रत्येक प्रभाग कार्यालयात असे एक यंत्र व ते वापरणारा एक शिकलेला मनुष्य ठेवावा, आलेल्या अर्जांची क्रमवार नोंद सर्वांस पाहता येईल अशी लावावी, आणि गरिबाचे यंत्र दोषी ठरले तर बंदीपूर्वी दुरुस्तीस मुदत व सल्ला द्यावा. व्यापारी मंडळांनीही हे काम आपले समजावे. आपल्या बाजारातील गिरण्या व जनरेटर वर्षातून एकदा मिस्त्रीकडून तपासून घेण्याचा ठराव त्यांनी केला तर निम्म्या तक्रारी जन्मासच येणार नाहीत, अशी आमची खात्री आहे.

शेजाऱ्याने तक्रार आणली म्हणजे तो आपला शत्रू झाला, ही समजूत आता टाकली पाहिजे. जो आपल्या दारी येऊन सांगतो त्याने आपल्यावर विश्वास टाकलेला असतो. ज्याचा विश्वास उडाला तो परस्पर अर्ज करतो. आज रात्री आपला पंप सुरू करण्यापूर्वी प्रत्येक वाचकाने, भिंतीपलीकडे या वेळी कोण निजलेले आहे, एवढा एक प्रश्न स्वतःस विचारावा. त्याचे उत्तर ठाऊक नसेल तर उद्या सकाळी शेजारी जाऊन विचारून यावे. आम्ही मागतो ती सुधारणा एवढ्या एका फेरीपासून सुरू होण्यासारखी आहे.