मुलांच्या सहलीची आखणी

सुटीचे दिवस जवळ आले की त्सोफीमच्या पथकांतून सहलीची बोलणी सुरू होतात आणि आपल्या बेने इस्राएल घरांतून एकच प्रश्न ऐकू येतो : "पोरांना पाठवावे की नाही?" पाठवावे, असे आम्हांस वाटते, मात्र आखणी पाहून.

एन आवदतचेच उदाहरण घेऊ. खालचे प्रवेशद्वार स्दे बोकेर येथे, बेन गुरियन (मृत्यू १९७३) यांच्या समाधीपासून जवळच आहे. लांबच्या वाटेने गेल्यास शेवटी कड्यावरील शिड्या चढाव्या लागतात आणि त्यांवरून खाली उतरण्यास मनाई आहे. म्हणून बस वरच्या दारी उभी हवी. उंचीचे भय असलेली मुले आधीच ठाऊक हवीत. त्यांनी आखूड वाटेने जाऊन खालीच परतावे. प्रत्येकापाशी किमान ३ लिटर पाणी असावे.

आपल्या कोकणात पाऊस डोक्यावर कोसळतो, तेव्हा माणूस सावध होतो. नेगेवात आकाश निरभ्र असतानाही दूरच्या डोंगरावरील पाणी नाल्यातून लोंढ्याने येते. कारण तेथील टणक भूमी ते शोषीत नाही. २६ एप्रिल २०१८ रोजी त्साफीत नाल्याच्या पुरात १० तरुण जीव गेले. पुराचा इशारा असताना सहल रद्द करणे हाही आखणीचाच भाग होय. अशा वेळी पैसे बुडाल्याची कुरकूर करून पालकांनी पथकप्रमुखाचे मन डळमळीत करू नये.

आखणीत मुलांचाही वाटा असावा. बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली ब्राउनसी बेटावरील शिबिरात मुलांच्या चार तुकड्या करून प्रत्येकीस आपला नायक दिला. आपणही तुकडीच्या हाती १ : ५०,००० प्रमाणाचा नकाशा द्यावा. त्यावरील एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. वाटेवर दोन पांढऱ्या पट्ट्यांमधील रंग नकाशावरील रंगाशी ताडून पाहताना मुले जे शिकतात, ते आम्हां शिक्षकांना फळ्यावर शिकविता येत नाही.

पालकांनी पथकप्रमुखास चार प्रश्न अवश्य विचारावेत. मार्ग मंजूर झाला आहे काय? प्रथमोपचार जाणणारा कोण आहे? हवामान बिघडल्यास निर्णय कोणाचा? आणि शुक्रवार असल्यास शब्बाथपूर्वी मुले घरी पोहोचतील काय?

उत्तरे समाधानकारक मिळाली, तर डब्यात पोहे बांधून द्यावेत आणि मुलांना आनंदाने निरोप द्यावा.